मोठ्या बोअरची दुनळी रायफल: या चुका टाळा

दुनळी रायफलीची ओढ मला पटवून द्यावी लागत नाही. दोन नळ्या, दोन चाप, आत दोन स्वतंत्र लॉक, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणा. एकाची स्प्रिंग मोडली तरी दुसरी नळी चालतेच. बोल्ट मागेपुढे करायचा नाही, नजर जनावरावरून हलवायची नाही, बोट मागच्या चापावर गेलं की दुसरा बार. बोल्टच्या रायफलीपेक्षा ती आखूड असते, वजन दोन्ही हातांच्या मध्ये येतं आणि दस्ता अंगाला बसणारा असेल तर खांद्याला लावताच माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) नजरेसमोर उभी राहते. आफ्रिकेतल्या झांबेझी खोऱ्यात, जेस नावाच्या दाट झुडपांच्या जाळीत बफेलो (तिथला रानरेडा) दिसतो तेव्हा तो बहुधा वीस-तीस पावलांवरच असतो. तिथे याहून चांगलं हत्यार मला माहीत नाही.

म्हणूनच ती घेणाऱ्यांना त्याच त्याच चुका करताना पाहून जीव कळवळतो. चूक माणूस करतो आणि भोगतं ते जनावर. कधीकधी पुढे चालणारा ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा माणूसही.

आधी एक स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी. हे लिहितोय ते झिम्बाब्वे, टांझानिया, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी रीतसर परवान्यावर शिकारीला जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी. ज्यांच्या वाड्यात आजोबा-पणजोबांची दुनळी परवान्यावर ठेवलेली आहे, त्यांनीही वाचावं, कारण खालची एक चूक तर घरबसल्या जीवावर बेतू शकते.

मिळेल ते काडतूस घालणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ हिनेच खाल्लाय.

दुनळीच्या नळ्या समांतर नसतात. तोंडाकडे त्या किंचित एकमेकींकडे कललेल्या असतात. उजवी नळी उडाली की धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे जाते, डावी उडाली की वर आणि डावीकडे. गोळी तोंडातून बाहेर पडायच्या आतच ही हालचाल सुरू झालेली असते. कारागीर नळ्यांच्या तोंडाशी पाचर बसवतो, डाग देतो, बार काढून पाहतो, पुन्हा डाग सोडवून पाचर सरकवतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही गोळ्या शेजारीशेजारी पडेपर्यंत हे चालतं. यालाच रेग्युलेशन म्हणतात. दुनळी महाग असण्याचं एक मोठं कारण हे काम आहे.

हे जुळवणं एका ठरावीक काडतुसासाठी असतं: अमुक वजनाची गोळी, अमुक वेग. ४७० नायट्रो एक्सप्रेस (बिनधुराच्या, जोरकस दारूचं मोठ्या बोअरचं काडतूस) याचं प्रमाण माप ५०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी आणि सेकंदाला सुमारे २१५० फूट वेग असं आहे. गोळी याहून हळू गेली तर नळीत जास्त वेळ राहते, तोवर नळी जास्त बाहेर वळते आणि दोन बार फाकतात. जास्त वेगाने गेली तर लवकर सुटते आणि बार एकमेकांना ओलांडून पडतात. उजव्या नळीची गोळी डावीकडे, डाव्या नळीची उजवीकडे.

जोहान्सबर्गजवळच्या एका रेंजवर मूळचे नाशिकचे एक गृहस्थ भेटले. जुनी इंग्लिश ४७० होती, लाकूड अप्रतिम, नळ्या आतून आरशासारख्या. पन्नास मीटरवर त्यांचे दोन बार वीतभर अंतराने पडत होते. नळ्या सोडवून पुन्हा जुळवायच्या असं त्यांनी कुणाशी तरी पक्कं केलं होतं, आगाऊ पैसेही दिले होते. मी विचारलं, काडतूस कोणतं? खांदा दुखतो म्हणून दारू कमी करून घरी भरलेलं! शिवाय बेंचवर बसून, नळ्या थेट वाळूच्या पिशवीवर टेकवून ते बार काढत होते. नळी अशी कडक आधारावर टेकली की उडताना वेगळीच उसळते. मग रायफल काय सांगतेय ते कळणार कसं?

मी त्यांना पूर्ण भाराची काडतुसं दिली, शूटिंग स्टिकपाशी (रायफल टेकवायच्या उभ्या काठ्या) उभं केलं आणि पुढचं लाकूड डाव्या हातात धरून तो हात स्टिकवर ठेवायला सांगितलं. उजवी, डावी. दोन्ही भोकं तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मन लावून जुळवलेल्या नळ्या हा माणूस भट्टीत घालायला निघाला होता, आणि तेही दोन आठवड्यांवर सफारी आली म्हणून घाईघाईत. घाईत घेतलेले निर्णय दुनळीला सोसत नाहीत.

माझी पद्धत साधी आहे. रायफल कोणत्या भारावर जुळवली होती ते आधी शोधायचं. जुन्या इंग्लिश रायफलींच्या नळ्यांखाली कॉर्डाइटचा (त्या काळच्या बिनधुराच्या दारूचा) भार आणि गोळीचं वजन अनेकदा कोरलेलं असतं. मग उभं राहून, पन्नास मीटरवर, नेहमी जोडीने बार काढायचे: आधी उजवी, लगेच डावी. नळ्या हाताला गार लागेपर्यंत रायफल उघडून ठेवायची आणि मगच पुढची जोडी. एकाच नळीने लागोपाठ पाच बार काढून ‘ग्रुप’ बघणाऱ्यांना मी थांबवतो, कारण शिकारीत ती रायफल तशी कधीच चालणार नसते. आणि खांद्याला धक्का सोसत नसेल तर दारू कमी करू नका, बोअर (नळीच्या आतला व्यास) कमी करा.

नळीखालचे शिक्के न वाचणं

ही चूक कमी दिसते, पण जीवघेणी आहे. काळ्या दारूच्या जमान्यातली ५०० एक्सप्रेस आणि नंतरची ५०० नायट्रो एक्सप्रेस यांच्या काडतुसांची तीन इंची केस (पितळी नळकांडं) मापाने एकच असते. नायट्रोचं काडतूस काळ्या दारूच्या रायफलीत आरामात बसतं. ४५० सव्वातीन इंचीचंही तसंच. बसतं म्हणून चालतं असं समजू नका. ती नळी त्या दाबासाठी बनलेलीच नसते.

पुढचं लाकूड काढा, नळ्या उतरवा आणि खालच्या सपाट भागावरचे प्रूफचे (नळीची दाब-चाचणी झाल्याचे) शिक्के भिंगाने वाचा. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा नायट्रोचा शिक्का नसेल तर विषय संपला. बाहेर घोडे असलेली, सुंदर नक्षीची रायफल वाड्यात सापडली आणि कुणी म्हणालं, ‘एक बार काढून बघू या’, तर त्याच्या हातातून ती काढून घ्या.

नावांचाही भरवसा धरू नका. १९०७ मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० बोअरवर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या ४५० बोअरच्या गोळ्या बंडखोरांच्या कामी येतील ही भीती होती. मग इंग्लिश बंदूकवाल्यांमध्ये ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशा बोअरांची चढाओढ लागली. ४७५ नंबर २ आणि जेफ्री या इंग्लिश बंदूकवाल्याची ४७५ नंबर २ यांच्या गोळीचा व्याससुद्धा एक नाही. ४५०/४०० तीन इंची आणि सव्वातीन इंची या दोन वेगळ्या रायफली आहेत. विकणारा काय म्हणतो ते सोडा. नळीतून शिशाची गोळी ठोकून व्यास मोजून घ्या आणि चेंबरचा साचा काढून घ्या. याला एक दुपार लागते. ज्याच्याकडे ती दुपार नाही त्याने दुनळी घेऊ नये.

दोन चाप आहेत हे हाताला माहीत नसणं

डोक्याला माहीत असतं. प्रश्न हाताचा आहे.

झांबेझी खोऱ्यात एका ओळखीच्या सफारीबरोबर मी मागे चालत होतो. शिकारी आपलाच माणूस, पुण्याचा, आयुष्यभर बोल्टच्या रायफलीने हरणं मारलेला. हातात नवीकोरी ५००. पहाटेपासून माग काढत आम्ही म्हाताऱ्या नरांच्या एका टोळीपर्यंत पोचलो. वारा तोंडावर होता. प्रोफेशनल हंटरने स्टिक उभ्या केल्या. साधारण चाळीस मीटरवर एक नर आडवा उभा होता. पहिला बार बरा गेला, थोडा मागे पण फुप्फुसात. टोळी उधळली, तो नर अडखळला, वळला, क्षणभर पुन्हा आडवा उभा राहिला. दुनळी ज्या क्षणासाठी बनवतात तो हाच.

आणि यांनी पुढचाच चाप पुन्हा ओढला. आवाज नाही. पुन्हा ओढला. काडतूस फुसकं निघालं असं वाटून त्यांनी रायफल उघडली. रिकामी केस टण्णकन मागे उडाली आणि डाव्या नळीतलं चांगलं, न वाजलेलं काडतूस त्यांनी स्वतःच्या बोटांनी उपटून काढलं. तोवर नर जाळीत शिरला होता.

त्यानंतरचे तास मला आजही आठवायला नको वाटतात. जखमी बफेलो स्वतःच्या मागावर वळून दबा धरतो, हे तिथल्या प्रत्येक ट्रॅकरला ठाऊक असतं. तरी ते दोघं रक्ताच्या थेंबांवर नजर ठेवून पुढे चालत राहिले, उघड्या हातांनी. दुपार टळल्यावर पंधरा पावलांवरून तो नर आमच्यावर आला आणि हंटरच्या दोन बारांनी पडला. सगळे सुखरूप परतलो. पण ते जनावर जितका वेळ तडफडलं तो सगळा वेळ टाळता आला असता, फक्त एका बोटाच्या सवयीने.

ही सवय पैसे देऊन मिळत नाही. दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसं) घाला, भिंतीवर बोटाच्या पेराएवढी खूण करा आणि रोज संध्याकाळी थोडा वेळ हेच करा: रायफल वर, सेफ्टी पुढे, पुढचा चाप, मागचा चाप, उघडा, भरा. डाव्या हाताच्या बोटांत दोन काडतुसं धरून चालण्याची जुनी रीत शोभेची नाही. पट्ट्यातून काडतूस काढण्यात जो वेळ जातो तो तिने वाचतो. पहिला बार गेल्यावर ‘पडलं का?’ म्हणून मान वर करून बघू नका. बफेलो उभा दिसतोय तोवर दुसरा बार जायलाच हवा. मी बरोबर नेतो त्या माणसाने उजवी-डावी न चुकता करून दाखवल्याशिवाय मी त्याच्यासोबत जाळीत शिरत नाही. लोकांना राग येतो. येऊ दे.

याच्याच उलटी भानगड म्हणजे दोन्ही नळ्या एकदम उडणं. दरवेळी रायफलीचा दोष काढतात. सीअर (चाप ओढेपर्यंत घोडा अडवून धरणारा भाग) झिजलेली असू शकते, ती जाणत्याकडून तपासून घ्याच. पण बऱ्याचदा पकड ढिली असते, धक्क्याने रायफल मागे येते आणि बोट मागच्या चापावर आपटतं. काही जण तर दुसरं बोट मागच्या चापावर आधीच ठेवून बसतात. एक बोट, एक चाप, आणि मुठीची पकड घट्ट. चाप ‘हलका’ करून घेण्याच्या फंदात मात्र मुळीच पडू नका.

थोडक्यात सांगण्यासारख्या

पहिलीच दुनळी ५७७ किंवा ६०० घेऊ नका. ४७० चा धक्का ३०-०६ या नेहमीच्या बोल्ट रायफलीच्या बोअरच्या साधारण तिप्पट असतो, तोच आधी पचवा. बफेलोसाठी ४५०/४०० ची ४०० ग्रेनची गोळी पुरते आणि तिने माणूस नेम धरायला शिकतो.

अखंड तांब्याच्या किंवा पितळेच्या सॉलिड (न फुलणाऱ्या) गोळ्या जुन्या, पातळ नळ्यांत घालू नका. त्या दबत नाहीत, त्यामुळे आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नळीच्या बाहेरून उमटलेले मी पाहिलेत.

जुनी रायफल घेताना नळ्या हुकावर टांगून बोटाच्या पेराने वाजवा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर डाग शाबूत आहे. थडथड आवाज आला तर पट्टी (दोन नळ्यांना जोडणारी) सुटली आहे. कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं टांगलेल्या दुनळीच्या पट्टीखाली गंज हमखास शोधा.

उघडताच आपोआप मागे येणारी सेफ्टी छर्ऱ्याच्या बंदुकीला ठीक आहे. बफेलोसमोर नको. काढून टाकून घ्या.

सेफ्टी पुढे ढकलल्यावर अंगठा तिथेच ठेवू नका, मुठीभोवती आणा. वरच्या लिव्हरने फाटलेले अंगठे खूप पाहिलेत.

बफेलोला पहिलं काडतूस मऊ (लागल्यावर फुलणाऱ्या) गोळीचं आणि दुसरं सॉलिड, हत्तीला दोन्ही सॉलिड. कोणत्या नळीत काय आहे ते भरताना एकदा मनात म्हणा.

विमानाने जाताना काडतुसं वेगळ्या पेटीत, बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा ५ किलो. काडतुसाच्या बुडावर उमटवलेलं बोअर आणि परवान्यावर लिहिलेलं बोअर अक्षरशः एकच असायला हवं. दुसऱ्या बोअरच्या केसा कापून-ताणून बनवलेली काडतुसं रेंजवर कितीही छान चालली तरी सीमेवर अडकतात, आणि मग सफारीभर तुमची दुनळी पेटीत राहते आणि हातात कुणाची तरी उसनी ३७५.