गाडी चालता चालता बंद, गार झाली की सुरू: दुरुस्तीआधी या चुका टाळा

पेट्रोल इंजेक्शनची गाडी धावता धावता बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी तीच गाडी काहीच न झाल्यासारखी सुरू होते. हा दोष शोधायला फारसा अवघड नसतो. आपण तो चुकीच्या वेळी शोधतो, म्हणून सापडत नाही. टोचन लावून गॅरेजला पोहोचेपर्यंत इंजिन गार होतं, सगळं ठीक चालतं, आणि मग अंदाजाने प्लग, बॅटरी, पंप बदलायला सुरुवात होते. खरा पुरावा मिळतो तो रस्त्यावर, गाडी रुसलेली असताना.

अर्थात आधी गाडी डावीकडे घ्या आणि हजार्ड लाइट लावा. इंजिन बंद होताच स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरताच जोर उरतो. त्यामुळे ब्रेक दाब-सोड न करता एकदाच दाबून धरा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

चूक पहिली: लगेच सेल्फ मारत सुटणे

यात बॅटरी उतरते, आणि ठिणगी नसेल तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन साचतं. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. त्याआधी डॅशबोर्डकडे बघा. चावी ऑन असताना इंजिन बंद पडलं तर ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागायलाच हवा. सगळेच दिवे गेले असतील तर बॅटरीची टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा इग्निशन स्विच तपासा. स्विचचे कॉन्टॅक्ट झिजले असतील तर चावी हलवताना दिवे लुकलुकतात. चेक इंजिनचा दिवा एकटाच लागत नसेल तर बऱ्याच गाड्यांत ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, मेन रिलेतून (वीज जोडणाऱ्या मुख्य स्विचमधून) वीज पोहोचत नाही, असा अर्थ होतो. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर चावीतल्या चिपचा संशय घ्या.

गाडी कशी बंद पडली, हेही तिथेच लिहून ठेवा. दिवा विझावा तशी झटक्यात मेली, तर दोष बहुधा विजेचा. आधी झटके दिले, ओढ कमी झाली, चढावर दम टाकला आणि मग बंद पडली, तर बहुधा पेट्रोलच्या पुरवठ्याचा.

चूक दुसरी: पंप चालत नाही म्हणून पंपच बदलणे

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. चावी ऑन केली की मागच्या सीटखाली साधारण दोन सेकंद पंपाचा आवाज येतो आणि थांबतो. पुढे सेल्फ मारताना ईसीयू पंप चालू ठेवतो, पण इंजिन फिरतंय असा सिग्नल क्रँक सेन्सरकडून (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरकडून) आला तरच. तो सिग्नल नसेल तर ठिणगी नाही, इंजेक्टर नाही आणि पंपाला वीजही नाही. अशा वेळी पंपाच्या कपलरवर (वायरीच्या जोडावर) मीटर लावला की शून्य दिसतं आणि बिचारा चांगला पंप बाहेर निघतो. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकदम गेलं असेल तर आधी क्रँक सेन्सर आणि मेन रिले तपासा.

तपासणी सोपी आहे. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून सेल्फ मारताना लाइव्ह डेटामध्ये आरपीएम बघा. १५० ते ३०० च्या आसपास आकडा हलला तर सिग्नल येतोय. सेल्फ फिरत असून आकडा शून्यावरच राहिला तर सेन्सर, त्याची वायर किंवा कपलर. गरम झाल्यावर सेन्सरच्या आतली बारीक तार तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते, म्हणून गॅरेजमध्ये तो निर्दोष ठरतो. गाडी बंद असतानाच सेन्सरवर ओलं फडकं ठेवा (हात एक्झॉस्टला लागू देऊ नका). दोन-तीन मिनिटांत सुरू झाली तर संशय पक्का. मीटरने ओहम मोजायचे असतील तर दोन वायरींचा, कॉइलचा सेन्सरच मोजा. तीन वायरींचा बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला असतो. त्यावर ओहमचा आकडा काहीच सांगत नाही.

ठिणगी आहे, आरपीएम दिसतोय, तरी इंजिन पकडत नसेल तेव्हा पेट्रोलकडे वळा. टाकीचं झाकण उघडा. हवा जोरात आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुरू झाली तर टाकीचा श्वास कोंडलाय, म्हणजे टाकीत हवा येण्याची वाट बंद झालीय. टाकी फार रिकामी असेल तर पंप तापतो, कारण त्याला गार ठेवायचं काम आजूबाजूचं पेट्रोलच करतं. सीएनजी गाडीत लोक दोन लिटर पेट्रोलवर महिनोन्महिने काढतात, तिथे हे हमखास होतं. मात्र सीएनजीचा एक फायदा आहे: पेट्रोलवर मेलेली गाडी गॅसवर चालली तर क्रँक सेन्सर आणि ठिणगी दोन्ही निर्दोष.

पंपाचा आवाज आला म्हणजे प्रेशर आलं असं नाही. बऱ्याच गाड्यांत ते ३ ते ४ बार लागतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. गेज जोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद होऊ द्या, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरेल. मग फ्यूज पुन्हा लावा, गेज बाहेरच, वायपरखाली बांधा आणि गाडी चालवून बघा. केबिनमध्ये गेज आणू नका.

चूक तिसरी: १२ व्होल्ट दिसले की वायर ठीक समजणे

वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ करंट घेतच नाही. मीटरच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब मंद पेटला तर वायर, रिले किंवा अर्थिंग कमकुवत आहे. पंप चालू असताना त्याची अर्थ वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर बोल्ट काढून, गंज घासून पुन्हा आवळा. रिलेचा संशय असेल तर त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावून बघा. रस्त्यावर एवढं पुरतं.

बॅटरीची वायर काढून गाडी 'रिसेट' करायची घाई मात्र नको. त्याने ईसीयूने साठवलेले दोषांचे कोड आणि गाडी बंद पडली त्या क्षणाची नोंद दोन्ही पुसली जातात. आधी स्कॅन करा, फोटो काढा. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. तो सेन्सर बदला असं सांगत नाही, सर्किट तपासा म्हणतो. कोडच नसेल तरी सेन्सर संशयातून सुटत नाही, थोडा वेळ गेलेला सिग्नल कधीकधी नोंदलाच जात नाही.

गरम इंजिन सुरू होत नाही, पेट्रोलचा वास येतो, काळा धूर निघतो, असं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत यामुळे सेल्फ फिरताना इंजेक्टर बंद राहतात आणि जादा पेट्रोल बाहेर पडतं. त्याने सुरू झाली तर कूलंट टेंपरेचर सेन्सर आणि गळके इंजेक्टर तपासा.

नवा क्रँक सेन्सर बसवताना, जुन्याच्या टोकाला लोखंडी भुगा चिकटला असेल तर तो बसवायच्या जागेवरूनही पुसा, कपलरच्या पिना सैल नाहीत ना ते बघा आणि वायर एक्झॉस्टपासून लांब बांधा. मग गाडी पूर्ण तापवून, एसी लावून, ज्या वेळात ती बंद पडायची त्यापेक्षा जास्त वेळ चालवा. तापलेल्या इंजिनावर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन-चारदा बंद-चालू करून बघितल्याशिवाय गाडी परत ताब्यात घेऊ नका.