बेस गिटार दोन अ‍ॅम्पवर वाजवताय? या चुका टाळा

रॉयल ब्लड या इंग्लिश बँडमध्ये माणसं दोनच, एक ड्रमर आणि एक बेसिस्ट. तरीही आवाज भरगच्च, कारण बेसिस्ट माइक केर आपल्या बेसचा सिग्नल बेस अ‍ॅम्प आणि गिटार अ‍ॅम्प अशा दोन्हींवर सोडतो. ते ऐकून आपल्याकडचे बरेच बेसिस्ट जॅम रूममध्ये रिकामा पडलेला गिटार अ‍ॅम्प जोडून बघतात आणि आवाज वाढायच्या ऐवजी पातळ होतो, गुणगुणतो, नाहीतर स्पीकर फाटतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गिटार अ‍ॅम्पला पूर्ण सिग्नल देणं. बेसची मोकळी ई तार सुमारे 41 हर्ट्झवर वाजते, गिटारची 82 वर. गिटारचा स्पीकर त्या खालच्या सुरांसाठी बनवलेलाच नसतो. घरी हळू आवाजात काही बिघडत नाही, पण ड्रम्सच्या बरोबरीला आलात की स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) मर्यादेबाहेर हलतो आणि त्यामागची तारेची कॉइल खराब होते. बेस नॉब शून्यावर ठेवला म्हणजे झालं, असं समजू नका, त्याने खालचे सूर कमी होतात, बंद होत नाहीत. अ‍ॅम्पच्या आधी हाय-पास फिल्टर लावा आणि 150 ते 200 हर्ट्झच्या खालचं कापून टाका. मग फक्त गिटार अ‍ॅम्प चालू ठेवून कार्यक्रमाच्या आवाजात ई वाजवा. कोन आत-बाहेर हलताना डोळ्यांना दिसला तर अजून कापा. हा अ‍ॅम्प एकटा ऐकताना किरकिरा वाटला पाहिजे, खालची बाजू बेस अ‍ॅम्प सांभाळतोय.

‘पण फेंडर कंपनीचा बासमन अ‍ॅम्प तर बेससाठीच काढला होता!’ हो, 1952 मध्ये. पण पुढे त्याला डोक्यावर घेतलं ते गिटारवाल्यांनी. जुन्या बासमनच्या स्पीकरवर आजच्या आवाजात बेस वाजवणं म्हणजे चांगली वस्तू हाताने खराब करणं.

दुसरा अ‍ॅम्प चालू केला की पोटातला आवाज गायब होतो? बहुतेक वेळा दोन अ‍ॅम्पची पोलॅरिटी उलट असते, एकाचा कोन पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. स्प्लिटरवर (बेसचा सिग्नल दोन अ‍ॅम्पमध्ये वाटणाऱ्या डबीवर) पोलॅरिटीचं बटण असेल तर लांब सूर धरून दोन्हीकडे करून बघा, जास्त भरीव वाटेल ते ठेवा. हे फिल्टर बसवल्यानंतर करा, कारण फिल्टरही फेज, म्हणजे लहरीची वेळ, सरकवतो. एवढं करूनही आवाज पोकळच राहिला तर गिटार अ‍ॅम्पच्या बाजूचं डिजिटल पेडल तपासा. अडीच मिलिसेकंदांचा उशीर कानाला कळत नाही, पण 200 हर्ट्झला तो बरोबर अर्धी लहर असतो आणि तिथला सूर खाऊन टाकतो. असं पेडल स्प्लिटच्या आधी घ्या, म्हणजे उशीर दोन्हीकडे सारखा होईल. डिस्टॉर्शन फक्त गिटार अ‍ॅम्पला हवं असेल तर तिथे अ‍ॅनालॉग पेडल बरं.

आता हम, म्हणजे अ‍ॅम्पमधून सतत येणारी गुणगुण. साध्या वाय केबलने (एकाची दोन टोकं करणाऱ्या) दोन्ही अ‍ॅम्पचं ग्राउंड एकमेकांना जोडलं जातं आणि दोन प्लगांच्या अर्थिंगमधून लूप तयार होतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची आणि ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा सूर 49 हर्ट्झचा. तो धरलात की हमशी भिडून सेकंदाला एकदा हेलकावा येतो. उपाय म्हणजे दोन्ही प्लग एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डात आणि दोन अ‍ॅम्पचं ग्राउंड वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर. अर्थिंगची पिन काढून हम घालवायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. 1972 मध्ये स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवरच माइकचा शॉक लागून गेला. आपल्या हॉलमधल्या दोन पिनांच्या एक्स्टेन्शनकडे म्हणून आधी बघा.

वाटणी नेहमी गिटारकडून अ‍ॅम्पकडे जाताना करायची. दोन हेडचे (स्वतःचा स्पीकर नसलेल्या अ‍ॅम्पचे) स्पीकर आउट एकाच कॅबिनेटमध्ये कधीच घालायचे नाहीत, एका अ‍ॅम्पचा स्पीकर आउट दुसऱ्याच्या इनपुटला द्यायचा नाही आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालू करायचा नाही.

आवाज जुळवताना ड्रमरला वाजवत ठेवा. आधी फक्त बेस अ‍ॅम्प बँडमध्ये बसवा, मग गिटार अ‍ॅम्प हळूहळू वर आणा. तो बंद केल्यावर गायकाने मान वळवून बघितलं, की तेवढा पुरे.