फोटो धूसर येतो? आधी नेमकं काय हललं ते शोधा

लेन्स पुसणं वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. फोटो शार्प येत नाही म्हटलं की लोक नवी लेन्स घ्यायला सांगतात. कृपा करून घेऊ नका. बिघडलेला फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करून बघा. माझं घोडं इथेच अडलं होतं.

मामेबहिणीच्या हळदीला हॉलमध्ये काढलेले निम्मे फोटो धूसर निघाले. कित्येक महिने मी फोकसलाच दोष देत होतो. मग एका फोटोत समई मोठी करून पाहिली. पाचही ज्योतींना उजवीकडे खाली एकसारखी शेपटी होती. फोकस चुकला असता तर ज्योती गोल फुगल्या असत्या. म्हणजे कॅमेरा हलला होता.

अशाच खुणा शोधा. सगळ्या चित्रात एकाच दिशेला ओढ दिसली तर हात हलला. चौरंग स्वच्छ आणि हळद लावणारा हात तेवढा पुसट, तर समोरचं माणूस हललं. नवरीचे डोळे धूसर पण झुमका लख्ख, तर फोकस चुकला. तिन्हींचा इलाज वेगळा.

हात हलत असेल तर ५० मिमी लेन्सला शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, १/५० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवा, क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १/८०. माणसं असतील तर मी १/१६० च्या खाली उतरत नाही, कारण स्टॅबिलायझेशन (कॅमेऱ्यातली किंवा लेन्समधली थरथर कमी करणारी सोय) तुमचा हात सावरतं, समोरच्याचा नाही. उजेड कमी असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १६००, ३२०० पर्यंत बिनधास्त न्या. ‘४०० च्या वर जाऊ नकोस’ हा सल्ला मी त्या हळदीत पाळला आणि शटर १/३० वर आला. फोटोत दाणे दिसले तरी अल्बममध्ये चालतात; शेपटीवाल्या ज्योतींचं काहीच करता येत नाही.

फोकससाठी एकच पॉइंट निवडा आणि जवळच्या डोळ्यावर ठेवा. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी, एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं) आणि दीड मीटर अंतर असेल तर जेमतेम ६ सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. फोकस धरून फ्रेम बदलताना तुम्ही जरा झुकलात की डोळा गेला. म्हणून स्पष्ट भाग वाढवायला एफ २.८ किंवा ४ वापरा. एफ २२ मात्र नको, तिथे प्रकाशाच्या विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ होतं.

ट्रायपॉडवर बटण दाबल्याने कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा.

शार्पनिंग (कॉम्प्युटरवर कडा ठळक करणं) सर्वांत शेवटी आणि थोडंच. हललेल्या फोटोवर ते वाढवलंत तर कडांना पांढरी रेघ येते, ज्योतीची शेपटी तशीच राहते.