दुचाकीवर असताना राग आला तर: गोव्यातील चालकांसाठी मार्गदर्शन

म्हापशाहून पणजीला किंवा फोंड्याहून मडगावला रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्याला रस्त्यावर राग येणे स्वाभाविक आहे. समोरून कट मारून जाणारी बस, इंडिकेटर न देता वळणारी मोटार, मागून सतत वाजणारा हॉर्न, खोदून तसाच टाकलेला रस्ता आणि त्यात घामाने भिजलेले हेल्मेट, एवढे सगळे एका तासात वाट्याला येत असेल तर शांत माणूसही भडकतो. राग येऊच देऊ नका, असा उपदेश करण्यात म्हणूनच अर्थ नाही. राग आल्यानंतरच्या पाच-दहा सेकंदांत काय करायचे, हे आधीच ठरवून हाताला वळण लावून ठेवणे मात्र शक्य आहे, आणि दुचाकीस्वाराचे बरेवाईट त्याच सेकंदांत ठरते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरपेक्षा अधिक अंतर कापते. तोंडातून एक शिवी बाहेर पडेपर्यंत आपण दोन-तीन मोटारींच्या लांबीएवढे पुढे गेलेलो असतो.

मोटार चालवणारा रागावला तर त्याच्याभोवती पत्रा असतो, पट्टा असतो, एअरबॅग असते. दुचाकीवर यांपैकी काहीच नसते, आणि शिवाय आपला राग थेट यंत्रात उतरतो. संतापाच्या क्षणी शरीरात ॲड्रेनलिन वाढते, नाडी जलद होते, मान, खांदे आणि हातांचे स्नायू आवळले जातात. उजव्या हाताची मूठ घट्ट होऊन मनगट खाली आले की ॲक्सिलरेटर आपोआप उघडतो, आणि चालकाला वाटते की आपण मुद्दाम वेग वाढवलेलाच नाही. कोपरे ताठ झाली की खड्ड्यावर किंवा सुट्या खडीवर पुढचे चाक स्वतःला सावरण्यासाठी जी बारीक हालचाल करते, ती ताठ हात अडवतात आणि गाडी हेलकावे घेऊ लागते. नजरही आखडते. रागावलेला माणूस त्या एका मोटारीच्या नंबर प्लेटकडे पाहत राहतो, आणि दुचाकीचा स्वभाव असा आहे की चालक जिकडे पाहतो तिकडेच ती ओढली जाते.

हातापासून सुरुवात करा

मनाला समजावणे त्या क्षणी जमत नाही. हाताला समजावता येते. राग चढतो आहे असे जाणवताच पहिली गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटर थोडा सैल सोडावा. एकदम ब्रेक दाबू नये, कारण मागे कोण किती जवळ आहे हे आपण पाहिलेले नसते. त्यानंतर उजवे मनगट तपासावे: हाताची पाठ आणि मनगट साधारण एका रेषेत हवे, मनगट मोडून खाली गेलेले नसावे. दोन्ही हातांच्या करंगळ्या क्षणभर मुठीवरून सैल करून पाहाव्यात. त्या सैल होत नसतील तर आपण हँडल गरजेपेक्षा फार घट्ट धरले आहे असे समजावे. मग कोपरे किंचित वाकवावीत आणि कानांकडे वर गेलेले खांदे खाली सोडावेत. मोटारसायकल असेल तर गुडघ्यांनी टाकी धरावी, म्हणजे शरीराचा भार हातांवरून कमी होतो. स्कूटर असेल तर दोन्ही पाय फळीवर सपाट टेकवावेत.

एवढे झाल्यावर श्वास. आत घेताना जेवढा वेळ लागतो त्याच्या जवळपास दुप्पट वेळ सोडताना घ्यावा, आणि असे तीन-चार श्वास घ्यावेत. लांबवलेला उच्छ्वास नाडीचा वेग उतरवतो, ही शरीरशास्त्रातील साधी बाब आहे. पावसाळ्यात हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, म्हणून काच एक खाच वर करून ठेवावी, नाहीतर दिसेनासे होऊन संतापात भर पडते. शेवटी नजर. ज्या वाहनाने राग आणला त्याच्या पलीकडे, रस्त्यावर दूर पाहावे, मग उजवा आरसा, मग डावा. डोळे हलते झाले की डोकेही त्या एका वाहनातून बाहेर येते.

हे सर्व करण्याचा सराव रिकाम्या रस्त्यावर, राग नसतानाच करायला हवा. रविवारी सकाळी गावातल्या रस्त्याने जाताना मनगट, करंगळी, खांदे, श्वास, नजर हा क्रम मुद्दाम करून पाहावा. ऐन गर्दीत तो आठवावा लागू नये, आपसूक घडावा.

अंतर सोडण्याचा हिशेब

पुढच्या वाहनापासून किमान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे. ताशी 60 किलोमीटरला ते सुमारे 33 मीटर होते, आणि ओल्या रस्त्यावर ते दुप्पट करावे. यावर प्रत्येकाचा एकच आक्षेप असतो: एवढी जागा सोडली की कोणीतरी मध्ये घुसतो. घुसतो, हे खरेच आहे. पण घुसलेल्या प्रत्येक वाहनामागे आपले नुकसान फक्त दोन सेकंदांचे होते, कारण पुन्हा तेवढे अंतर सोडण्यासाठी तेवढाच वेळ लागतो. म्हापसा ते पणजी या प्रवासात दहा वाहने मध्ये आली तरी आपण वीस सेकंद उशिरा पोहोचतो. एवढ्यासाठी कोणाच्या बंपरला चिकटून चालणे परवडणारे नाही. मला तर वाटते, रस्त्यावरचे निम्मे तंटे या अंतरावरूनच सुरू होतात.

समोरच्याचे वागणे वाचायला शिका

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेरी डेफेनबाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली वाहनचालकांचा राग मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि पुढे अशा चालकांवर उपचारही केले. त्या उपचारांत शरीर सैल करण्याच्या सरावाबरोबरच प्रसंगाकडे पाहण्याची पद्धत बदलण्यावर भर होता. स्वतःकडून चूक झाली की आपण परिस्थितीला दोष देतो आणि दुसऱ्याकडून झाली की त्याच्या स्वभावाला. मनाची ही खोड ओळखली की रागाची धार कमी होते. रस्त्यावर बसलेल्या म्हशीवर कोणी डूख धरत नाही, वळसा घालून निघून जातो, कारण ती मुद्दाम आडवी बसली असे आपल्याला वाटत नाही. माणसांच्या बाबतीतही बहुतेक वेळा मुद्दाम असे काही नसते.

गोव्याच्या रस्त्यांवर हे वाचन फार उपयोगी पडते. खासगी बसच्या चालकाची मागून येणाऱ्या बसशी प्रवाशांसाठी स्पर्धा चाललेली असते, म्हणून रस्त्याकडेला हात दाखवणारा दिसला की ती डावीकडे येणार हे गृहीत धरावे. बस आणि रस्त्याची डावी कड यांच्यामधल्या फटीत दुचाकी कधीही घालू नये, आणि कंडक्टर दरवाजात वाकून उभा राहिला किंवा त्याची शिट्टी ऐकू आली की बस आता थांबणार असे समजून वेग कमी करावा. काळ्या प्लेटवर पिवळे आकडे असलेली भाड्याची मोटार किंवा स्कूटर बहुधा परक्या माणसाच्या हातात असते. त्याची नजर अर्धी मोबाईलवरच्या नकाशावर असते आणि वळण हुकले की तो भर रस्त्यात ब्रेक मारतो. अशा वाहनामागे अंतर वाढवावे आणि पुढे जायचेच असेल तर मोकळा, सरळ रस्ता आल्यावर जावे. प्रवासी दिसताच पायलटही, म्हणजे मोटारसायकलवरून भाडे नेणारा चालकही, बाजूला वळतो, कारण त्याची रोजी त्यावर आहे. मालवाहू ट्रकच्या अगदी जवळ डाव्या बाजूला असलेली दुचाकी ट्रकचालकाला दिसतच नाही; त्याने आपल्याला दाबले असे आपल्याला वाटते, पण त्याच्या लेखी आपण तिथे नसतोच.

हे सगळे त्यांच्या चुकीचे समर्थन नव्हे. चूक ती चूकच, आणि गंभीर असेल तर तिची तक्रारही करावी. मात्र चालत्या दुचाकीवरून ती सुधारता येत नाही.

हॉर्नबद्दल थोडक्यात एवढेच: एक छोटा हॉर्न म्हणजे सूचना, दाबून धरलेला हॉर्न म्हणजे भांडणाचे निमंत्रण. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-एफ नुसार पहिल्या वेळी 1,000 रुपये दंड आहे. मागून सतत अप्पर मारणाऱ्याला सुरक्षित जागा पाहून साइड द्यावी. आणि चूक आपली असेल तर डावा हात उघड्या पंजाने क्षणभर वर करावा. हेल्मेटमुळे आपला चेहरा कोणाला दिसत नाही, त्यामुळे हा हातच आपला चेहरा असतो. एवढ्या एका खुणेने समोरच्याचा पारा किती भरकन उतरतो, हे ज्याने करून पाहिले आहे त्याला ठाऊक आहे.

समोरचा भांडायला आला तर

कोणी पाठलाग करत असेल तर घराकडे वळू नये आणि आडवाटेने जाऊ नये. पोलीस ठाणे, पेट्रोल पंप किंवा बाजारातली वर्दळीची जागा गाठावी आणि थांबल्यावर 112 क्रमांकावर फोन करावा. चालत्या गाडीवरून मोबाईलने चित्रण करण्याचा मोह आवरावा. नंबर मोठ्याने दोन-तीनदा म्हटला की तो लक्षात राहतो.

समोरच्याने गाडी आडवी घातलीच, तर शक्यतो गाडीवरून उतरू नये आणि हेल्मेट काढू नये, फक्त काच वर करावी, म्हणजे डोळे दिसतील आणि आवाज स्पष्ट जाईल. बोलायचे ते हळू आणि कमी. वयाने मोठा असेल तर काका, दादा असे संबोधून, "चूक झाली असेल, लागलं तर नाही ना?" एवढे विचारणे पुरते. कोण बरोबर हे रस्त्यात ठरवण्याचा प्रयत्न करू नये. माणसे जमू लागली की प्रत्येक जण आपापले न्यायदान सुरू करतो आणि प्रकरण हाताबाहेर जाते. दुसऱ्याच्या गाडीची चावी काढून घेणे, आरशावर हात मारणे, बॉनेटवर थाप मारणे यांतले काहीही करू नये, कारण तिथून पुढे आपण तक्रारदार राहत नाही, आरोपी होतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एखाद्याला बेकायदा अडवून धरणे, मारहाण करणे आणि धमकावणे हे वेगवेगळे गुन्हे आहेत, आणि ते दोन्ही बाजूंना सारखेच लागू होतात.

प्रत्यक्ष धक्का लागून कोणी जखमी झाले असेल तर भांडण बाजूला ठेवून 108 ला फोन करावा. मोटार वाहन कायद्याचे कलम 134 चालकावर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याची जबाबदारी टाकते. जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर त्याला कायदा सूट देतो, पण पोलिसांना शक्य तितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा 24 तासांत, कळवणे भाग असते. धोकादायक वाहन चालवल्याबद्दलच्या कलम 184 खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तक्रार देताना नंबर, वेळ, नेमके ठिकाण आणि घडलेला क्रम लिहावा, विशेषणे गाळावीत.

घरातून निघण्यापूर्वी

बराचसा राग आपण घरूनच घेऊन निघतो. उशीर, रिकामे पोट, अपुरी झोप, नुकतेच झालेले भांडण आणि अर्थातच दारू, यांपैकी काही असेल तर रस्ता फक्त निमित्त ठरतो. वेळेचा अंदाज दुचाकीच्या मार्गाने करावा. पणजीला मांडवीवर असलेल्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही, तेव्हा मोटारीने जाणाऱ्या मित्राची वेळ धरून पर्वरीहून निघणाऱ्याला मांडवीच्या जुन्या पुलावर मनस्ताप होणारच. चवथीचा बाजार, शिगमो आणि कार्निव्हालच्या मिरवणुका, वर्षअखेरची पर्यटकांची गर्दी या दिवसांत नेहमीपेक्षा बराच आधी निघावे. दिवाडी किंवा चोडणला जाणाऱ्याने एक फेरीबोट चुकेल असे धरूनच निघावे. हेल्मेट डोक्याला दाबणारे असेल तर बदलावे. कपाळावर सतत दाब घेऊन चालवणारा माणूस लवकर चिडतो.

मागे बसणाऱ्यानेही आपली भूमिका ठरवून घ्यावी. "बघा कसा गेला तो" असे म्हणून आगीत तेल ओतण्याऐवजी खांद्यावर हाताने हलके दोनदा थोपटावे, ही खूण घरात आधीच ठरलेली असावी. मूल मागे असेल तर ते चालकाची भाषा आणि त्याचे चालवणे दोन्ही उचलत असते.

पोहोचल्यावर घडलेला प्रसंग चार जणांना रंगवून सांगण्याचे टाळावे, कारण प्रत्येक वेळी सांगताना तो राग नव्याने येतो आणि परतीच्या वाटेवर आपल्याबरोबर बसतो. पाणी प्यावे, तोंड धुवावे, पाच मिनिटे चालावे.

आणि एवढे करूनही राग रोजचाच होत असेल, घरची माणसे मागे बसायला घाबरत असतील किंवा एकदा तरी कोणावर हात उगारला गेला असेल, तर मदत घ्यावी. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि बांबोळीला आयपीएचबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी संस्थेत मानसोपचारतज्ज्ञ आहेत. तिथे जाताना झोप किती होते, दारूचे प्रमाण किती, कोणती औषधे चालू आहेत आणि पूर्वी कधी डोक्याला मार लागला होता का, हे लिहून न्यावे, कारण चिडचिडीचे मूळ कधी कधी यांतल्याच एखाद्या गोष्टीत असते.