कॅनडात नवऱ्याला किंवा बायकोला पीआरसाठी स्पॉन्सर कसं करायचं

तुम्ही कॅनडाचे पीआर (पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे कायमचे रहिवासी) किंवा सिटिझन आहात, लग्न झालंय आणि नवरा किंवा बायको अजून पीआर नाही, तर स्पाउझल स्पॉन्सरशिपचा अर्ज करायचा. हे काम आपलं आपल्याला करता येतं, वकील लागतोच असं नाही. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा: ज्या ऑफिसरकडे फाइल जाणार त्याने तुमचं लग्न बघितलेलं नाही, तुम्हा दोघांना तो ओळखत नाही, त्याच्यासमोर फक्त कागद असतात आणि हे लग्न खरं आहे हे त्याला त्या कागदांवरूनच पटलं पाहिजे. म्हणून खाली फॉर्मपेक्षा तारखा आणि पुरावे यांच्यावर जास्त लिहिलंय, लोक अडकतात ते तिथेच.

आधी बघा, तुम्ही स्पॉन्सर होऊ शकता का

वय १८ पूर्ण पाहिजे, जोडीदाराचंही. तुम्ही पीआर असाल तर कॅनडात राहत असलंच पाहिजे. सिटिझनला बाहेर राहूनही अर्ज करता येतो, पण जोडीदाराला पीआर मिळाल्यावर आपण कॅनडात येऊन राहणार हे दाखवावं लागतं. अमुक इतका पगार पाहिजे अशी अट साधारणपणे नवरा-बायकोसाठी नाहीये, ती आईवडिलांना स्पॉन्सर करताना असते आणि लोक दोन्हीची गल्लत करून उगाच घाबरतात. मात्र सरकारी सोशल असिस्टन्स घेत असाल तर चालत नाही, अपंगत्वामुळे मिळणारी मदत असेल तर चालतं. तुम्ही स्वतः कोणाचे तरी जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन आला असाल तर पीआर झाल्यापासून ५ वर्षं दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही.

सही करण्याआधी अंडरटेकिंग, म्हणजे तुम्ही सरकारला देता ती लेखी हमी, नीट वाचा. जोडीदार पीआर झाल्या दिवसापासून ३ वर्षं त्याच्या गरजा भागवायची जबाबदारी तुमची, आणि मधे घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वतःचा पीआरचा अर्ज टाकला तेव्हा माणूस सिंगल असतो, मधल्या काळात लग्न ठरतं, होतं, आणि कोणीतरी सल्ला देतं की आत्ता काही कळवू नकोस, पीआर हातात पडू दे, मग बायकोला बोलाव. हे अजिबात करू नका. पीआर होताना जो जोडीदार असतो तो कळवलाच पाहिजे, नाही कळवला तर नियमाप्रमाणे पुढे त्याला फॅमिली क्लासमध्ये (घरच्यांना स्पॉन्सर करायच्या वर्गात) स्पॉन्सर करायचा दरवाजाच बंद होतो. आणि लग्न म्हणजे मांडवातलंच असं नाही, रजिस्टर लग्न आधी उरकलं आणि विधी सहा महिन्यांनी केले तरी कायद्याने तुम्ही रजिस्टरच्या तारखेपासून विवाहित आहात. ज्यांचं लँडिंग, म्हणजे प्रत्यक्ष पीआर होणं, अजून व्हायचंय त्यांनी हे आजच्या आज तपासा.

फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्नही धरत नाहीत, २०१५ पासून नियम असा आहे की लग्नाच्या वेळी दोघं प्रत्यक्ष हजर पाहिजेत. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना कॉमन-लॉ म्हणून अर्ज करता येतो, त्याला सलग १२ महिने एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो.

इनलँड की आउटलँड

जोडीदार कॅनडात तुमच्यासोबत राहत असेल तर इनलँड करता येतं, बाहेर असेल तर आउटलँड. जोडीदार कॅनडात असतानाही आउटलँड करता येतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फरक दोन ठिकाणी जाणवतो. आउटलँड नाकारलं गेलं तर स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे ३० दिवसांत अपील करता येतं, इनलँडला ते अपील नाही, फेडरल कोर्टात जावं लागतं. दुसरं म्हणजे इनलँडची फाइल चालू असताना जोडीदार बाहेर गेला आणि परत आत येऊ दिलं नाही तर फाइलच धोक्यात येते. घरी कोणी आजारी आहे, मधे जावं लागेल असं वाटत असेल तर माझं मत आउटलँडच करा.

क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांना वेगळा टप्पा आहे, तिथलं सरकार स्वतःचं अंडरटेकिंग घेतं आणि किती अर्ज घ्यायचे यावर मर्यादाही घालतं, त्यामुळे त्यांनी क्यूबेकची साइट आधी बघावी.

फॉर्म आणि फी

अर्ज ऑनलाइन पीआर पोर्टलवरून जातो. काही फॉर्म पोर्टलमध्येच भरायचे, काही पीडीएफ डाउनलोड करून भरून अपलोड करायच्या. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, नुसतं थांबा असा मेसेज येतो, तर आधी कॉम्प्युटरवर सेव्ह करा आणि अडोबी रीडरमध्ये उघडा. मुख्य फॉर्म असे: आयएमएम १३४४ म्हणजे स्पॉन्सरशिप आणि अंडरटेकिंग, यावर दोघांच्या सह्या. आयएमएम ५५३२ म्हणजे तुमच्या नात्याची माहिती. आयएमएम ०००८ जोडीदाराचा मूळ अर्ज, ५६६९ त्याची पार्श्वभूमी, ५४०६ कुटुंबाची माहिती. आणि ५५३३ ही चेकलिस्ट, ती समोर ठेवूनच कागद लावा.

५६६९ ला वेळ द्या. त्यात मागच्या १० वर्षांचा महिन्या-महिन्याचा हिशोब द्यायचा असतो आणि मधे एकही महिना रिकामा चालत नाही. मार्चमध्ये नोकरी सोडली आणि जूनमध्ये नवीन लागली तर एप्रिल-मे मध्ये काय, तर बेरोजगार, घरी, असं स्पष्ट लिहायचं. परीक्षेचा अभ्यास करत होतो, लग्नाची तयारी चालू होती, सगळं चालतं, फक्त जागा मोकळी सोडायची नाही. पत्त्यांचंही तसंच. आधी साध्या कागदावर वर्षावार लिहून काढा, ऑफर लेटर आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी जुळवा, आणि मगच फॉर्मला हात लावा.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास असतो. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदललं, पण डिग्री जुन्या नावाने आणि बँक तिसऱ्याच स्पेलिंगने. फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा, बाकीची सगळी नावं दुसऱ्या नावांच्या रकान्यात टाका आणि एक छोटं पत्र जोडा की ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत. पासपोर्टवर नाव बदलायचं असेल तर अर्ज टाकायच्या आधी बदला, मधेच नको.

३० एप्रिल २०२४ ला ठरलेल्या दरांप्रमाणे स्पॉन्सरची फी ८५ डॉलर, प्रोसेसिंग ५४५ आणि पीआर हक्काची फी ५७५, म्हणजे १,२०५ कॅनेडियन डॉलर, वर बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५. हे दर दर दोन वर्षांनी वाढतात म्हणून भरायच्या दिवशी आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवरचा आकडा बघूनच भरा. ५७५ वाली फी अर्ज नाकारला तर परत मिळते.

लग्न खरं आहे हे दाखवायचं कसं

कॅनडाचे नियम म्हणतात की लग्न खरं नसेल किंवा मुख्यतः इमिग्रेशनसाठीच केलेलं असेल तर ते धरायचं नाही. ठरवून केलेल्या लग्नाला यात काही कमीपणा नाही, पण दोन भेटीत होकार आणि महिन्याभरात लग्न, हे बाहेरच्या माणसाला घाईचं वाटू शकतं. तेव्हा ५५३२ मध्ये ते समजावून सांगा. स्थळ कोणी सुचवलं, पत्रिका बघितली का, पहिली भेट कुठे झाली, कोण कोण होतं, होकार कधी दिला, साखरपुडा कधी, रजा किती मिळाली होती म्हणून तारीख लवकर धरली. दोन ओळीत उरकू नका, आत्याला किंवा मावशीला फोनवर सांगाल तसं सांगा, पण तारखांसकट.

फोटो २० पर्यंतच मागतात म्हणून अल्बममधले सगळे एका दिवसाचे लावू नका. साखरपुडा, लग्न, नंतर एकत्र केलेले प्रवास, सणाला दोघांच्या घरची माणसं, असे वेगवेगळ्या काळातले निवडा आणि प्रत्येकाखाली तारीख, जागा आणि माणसांची नावं लिहा. चॅटचंही सगळं बाड नको, काही पानंच मागतात, तेव्हा दर थोड्या महिन्यांतलं एखादं पान घ्या म्हणजे बोलणं सतत चालू होतं हे दिसतं. त्यातही भाजी काय आणू, तिकीट काढलं का, आईचं बीपी कसं आहे, असली रोजची पानं गोड मेसेजपेक्षा जास्त बोलतात. मराठी चॅट असेल तर भाषांतर जोडावं लागतं, आणि ते घरच्या कोणी केलेलं चालत नाही. याशिवाय विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास, पैसे पाठवल्याच्या नोंदी, इन्शुरन्स किंवा बँकेत नॉमिनी म्हणून जोडीदाराचं नाव, जे असेल ते.

मग दोघं एकदा फोनवर बसून सगळे फॉर्म शेजारी ठेवून वाचा. तिने पहिली भेट १२ तारखेला लिहिली आणि तुम्ही १५ ला, तर तो नुसता विसर असला तरी ऑफिसरला प्रश्न पडतो. आधीचं लग्न, घटस्फोट, नाकारलेला व्हिसा, यातलं काहीही लपवू नका, चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर ५ वर्षांची बंदी येते.

पोलीस, मेडिकल आणि थांबणं

जोडीदार १८ वर्षांचा झाल्यापासून मागच्या १० वर्षांत जिथे सलग ६ महिने किंवा जास्त राहिला त्या देशांची पोलीस क्लिअरन्स लागतात. भारताचं पासपोर्ट सेवेतून मिळतं. गल्फमध्ये वगैरे राहिला असेल तर ते आधी मागवा, त्यालाच वेळ जातो. मेडिकल फक्त आयआरसीसीच्या यादीतल्या पॅनल डॉक्टरकडेच करायचं. जोडीदाराला डायबेटिससारखा आजार असेल तर घाबरू नका, उपचारांचा खर्च जास्त येईल या कारणावरून नवरा-बायकोला नाकारत नाहीत.

फाइल पूर्ण असेल तर पोचपावती आणि फाइल नंबर येतो, अपूर्ण असेल तर अर्जच परत येतो. नंतर बायोमेट्रिक्सचं पत्र, स्पॉन्सरची पात्रता, मग जोडीदाराची तपासणी. कधी जास्तीचे कागद मागतात, कधी इंटरव्ह्यू घेतात. शंका असेल तर एक पत्र येतं, त्यात नेमकी शंका लिहिलेली असते आणि उत्तराला मुदत असते. त्या पत्राला मुद्द्याला मुद्दा असं उत्तर द्या, आणि पैसे खर्च करून वकील घ्यायचा तर तो इथे घ्या. कन्सल्टंट घेतलात तर त्याचं नाव कन्सल्टंट्सच्या कॉलेजच्या (हे शिकायचं कॉलेज नाही, त्यांना परवाना देणारी संस्था) सार्वजनिक यादीत आहे का हे बघा.

जोडीदार कॅनडात वैध स्टेटसवर तुमच्यासोबत राहत असेल तर पोचपावती आल्यावर ओपन वर्क परमिट (कुठल्याही एका मालकाशी न बांधलेला कामाचा परवाना) मागता येतं. बाहेर असेल तर मधल्या काळात व्हिजिटर व्हिसा मागायलाही हरकत नाही, पीआरचा अर्ज चालू आहे हे मात्र त्यात स्पष्ट लिहा.

शेवटी मंजुरी आली की बाहेरच्यांचा पासपोर्ट मागवतात, कॅनडात असलेल्यांचं कन्फर्मेशन (पीआर झाल्याचा कागद) ऑनलाइन होतं. जुने लोक सांगतात की आधी दोन वर्षं एकत्र राहायची अट असते, ती २०१७ मध्येच काढून टाकली, आता पहिल्या दिवसापासून पूर्ण पीआर मिळतो. कन्फर्मेशनवरच्या तारखेआधी लँड व्हा, पीआर कार्डासाठी कॅनडातला पत्ता द्या, आणि दर ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याचा हिशोब त्याच दिवसापासून लिहून ठेवायला लागा.