आर्क्टिक लेमिंगवर लिहिताना या चुका टाळा

आर्क्टिक लेमिंग हा उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रात राहणारा, उंदरासारखा छोटा प्राणी; त्याच्याबद्दलच्या मजकुरात घोळाला सुरुवात होते ती नावापासून. ‘लेमिंग’ म्हटलं की आपण फोटो शोधतो आणि पिवळट-काळ्या, ठसठशीत रंगाचा प्राणी समोर येतो. तो नॉर्वेचा लेमिंग, म्हणजे लेमस लेमस. आर्क्टिक लेमिंग, अर्थात डायक्रॉस्टोनिक्स टॉर्क्वाटस, ही वेगळ्या प्रजातीतली (genus) जात (species) आहे. उन्हाळ्यात तिचं अंग राखाडी असतं, पाठीवरून एक काळी रेघ जाते आणि गळ्याभोवती तांबूस पट्टा दिसतो. हिवाळ्यात ती पांढरी होते. नॉर्वेचा लेमिंग होत नाही. फोटोबद्दल शंका असेल तर पुढचे पाय बघा: हिवाळ्यात डायक्रॉस्टोनिक्सच्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटाची नखं मोठी आणि जाड होतात, बर्फ खणण्यासाठी. लेमसमध्ये असं होत नाही. एवढी खूण कुठल्याही रंगवर्णनापेक्षा भरवशाची.

दुसरी चूक कुळाची. जुन्या पुस्तकांत लेमिंग म्युरिडी कुळात, म्हणजे आपल्या घरच्या उंदीर-घुशींच्या कुळात घातलेली सापडतात. आता ती क्रिसेटिडी कुळात, आर्विकोलिनी उपकुळात मोडतात. हॅमस्टरही याच क्रिसेटिडीतला. जुनं वर्गीकरण उचलून नवीन यादीत चिकटवलं की एकाच लेखात दोन कुळं दिसतात, आणि हे सहज टाळता येण्यासारखं आहे.

शास्त्रीय नाव देताना कंस गाळू नका. डायक्रॉस्टोनिक्स टॉर्क्वाटस (पॅलस, 1778) असंच लिहायचं. पॅलस या निसर्गशास्त्रज्ञाने ही जात मस (घरातल्या उंदरांची) प्रजातीत वर्णिली होती. डायक्रॉस्टोनिक्स ही प्रजाती ग्लोगर या शास्त्रज्ञाने 1841 मध्ये मांडली. जात मूळ प्रजातीतून दुसरीकडे गेली, हे तो कंसच सांगतो. छपाईतली शोभा समजून तो काढला तर माहितीच बदलते.

पण सगळ्यांत महागात पडतो तो नकाशा. एके काळी गळपट्ट्याची बहुतेक लेमिंगं टॉर्क्वाटस याच नावाखाली मोजली जात. त्यामुळे जुन्या नकाशांत सायबेरिया, अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड असा सगळा उत्तरेचा कडा एकाच रंगात रंगवलेला असतो. पुढे क्रोमोसोमच्या संख्येतले फरक पाहून काही जाती वेगळ्या केल्या गेल्या, आणि डीएनएच्या अभ्यासानंतर त्यांतल्या काही परत एकत्र आल्या. म्हणून याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. तुमची यादी कोणत्या काळातली आहे ते आधी पाहा.

आजच्या समजुतीनुसार टॉर्क्वाटस ही रशियाची जात. पांढऱ्या समुद्राच्या पूर्वेकडून बेरिंग सामुद्रधुनीपर्यंतचा टुंड्रा, नोवाया झेम्ल्या आणि न्यू सायबेरियन बेटं, हा तिचा मुलूख. अलास्का, कॅनडाची आर्क्टिक बेटं आणि उत्तर व पूर्व ग्रीनलंड इथे डायक्रॉस्टोनिक्स ग्रोनलँडिकस राहते. लॅब्रॅडोर आणि उत्तर क्वेबेकमधली हडसोनियस, हडसन उपसागराच्या पश्चिमेची रिचर्डसोनी. रँगल बेटावरची विनोग्राडोवी अनेक याद्यांत स्वतंत्र जात म्हणून येते, तेव्हा त्या बेटाला डोळे झाकून टॉर्क्वाटसचा रंग देऊ नका.

आर्क्टिक म्हणजे सगळीकडे लेमिंग, असंही नाही. आइसलँडमध्ये ती नाहीत. स्वालबार्डवरही नाहीत, तिथे एक व्होल (लेमिंगसारखाच छोटा कृंतक प्राणी) आहे, तोही माणसाबरोबर पोचलेला. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यालाही लेमिंग नाही, म्हणून अख्खं ग्रीनलंड रंगवणं चूकच. आणि ब्रिटन, फ्रान्समध्ये डायक्रॉस्टोनिक्सचे जीवाश्म सापडतात ते हिमयुगातले. ते ठिपके आजच्या नकाशावर आले तर वाचकाला वाटतं, पॅरिसजवळ लेमिंग फिरतात.

लेख आधीच प्रसिद्ध झाला असेल तर दुरुस्ती शास्त्रीय नावापासून करा. नाव पक्कं झालं की नकाशा त्याच्याशी ताडून बघा, फोटो शेवटी. फोटोपासून सुरुवात केली तर चुकीच्या जातीचा नकाशा त्याच्या मागोमाग येतो.