मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर आणि खरे तास कसे काढायचे

मुलगा-सून अमेरिकेत असलेले आईवडील तिकीट घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बाई, नक्की किती तास बसायचंय?" मी शाळेत भूगोल शिकवत होते. त्यामुळे आधी पृथ्वीगोल टेबलावर येतो.

भिंतीवरचा सपाट नकाशा इथे कामाचा नाही. त्यावर पट्टी ठेवली, तर न्यूयॉर्कची रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका करत अटलांटिकवर जाते. गोलावर मात्र दोन्ही शहरांवर बोटं दाबून दोरा घट्ट ताणा. तो आपोआप वर सरकतो आणि मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँडवरून जाऊन कॅनडाच्या लॅब्रॅडॉरमार्गे खाली उतरतो. सगळ्यांत जवळचा रस्ता हाच. 30 सेंमी व्यासाच्या गोलाचा परीघ साधारण 94 सेंमी, पृथ्वीचा 40,075 किमी. म्हणजे एका सेंमीला सुमारे 425 किमी. दोरा साडेएकोणतीस सेंमी भरतो. गुणाकार करा, साडेबारा हजार किमी.

ताशी 900 किमीने हे अंतर कापायला 14 तास पुरतील, चढउतारासाठी अर्धा तास धरा. तरी जाताना त्याहून जास्त लागतो, कारण उंचावरचे जेट प्रवाह, म्हणजे जोरदार वारे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि आपण त्यांच्या तोंडावर जातो. शिवाय विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. रशियाचं आकाश 2022 पासून अमेरिकी विमानकंपन्यांना बंद झालं, पाकिस्तानचं एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना. वळसा आला की तास वाढले.

आता तिकीट. त्यावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, आणि गोंधळ होतो तो इथेच. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ; मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. समजा, जुलैत मुंबईहून रात्री 1:30 ला निघून त्याच दिवशी सकाळी 7:30 ला पोहोचायचं आहे. घड्याळात सहाच तास दिसतात. त्यात साडेनऊ मिळवा: साडेपंधरा. परतताना तिथून दुपारी 4 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 4:30 ला मुंबई, म्हणजे साडेचोवीस. त्यातून साडेनऊ वजा: पंधरा. जाताना मिळवायचे, येताना वजा करायचे. मध्ये दुबई किंवा लंडन असलं, तरी पहिलं उड्डाण आणि शेवटचं उतरणं एवढंच घ्या. विमानतळावरचं थांबणंही त्यात येतं.

हे तास मी कागदावर लिहून देते आणि तो कागद डॉक्टरांना दाखवायला सांगते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर दाखवायलाच हवा. डोस कधी घ्यायचा हे डॉक्टरांना ठरवायचं असतं, आणि त्यांना तुमचे खरे तास कळायला हवेत. तिकिटावरच्या वेळा बघून ते कळत नाहीत.